आत्याचं लिव्हर

आळेफाट्याला आमचं कापडाचं दुकान. मुलगी झाली आणि तिची कावीळ काही उतरेना. पित्ताच्या नळ्याच नीट तयार झालेल्या नव्हत्या. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लिव्हर बदलावं लागेल. घरातल्याच कुणीतरी तुकडा द्यायला हवा."

बायकोचा रक्तगट जुळेना. माझा जुळला, पण माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. मग मी धाकट्या बहिणीला विचारलं. तेही जेवताना, आईवडिलांच्या देखत. तिला स्थळं बघणं चालू होतं.

"घ्या की. त्यात काय इचारायचं, दादा?" ती म्हणाली. पुढं डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारलं, तिथंही तिनं हेच सांगितलं. पण घरात नाही म्हणायला मी तिला जागाच ठेवली नव्हती.

ऑपरेशन पार पडलं. बहीण घरी परतली, पोरीच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. काही आठवड्यांनी मात्र पोरीला ताप आला, रक्ताचे रिपोर्ट बिघडले. जंतूंची लागण आहे की शरीर नवं लिव्हर नाकारतंय, हे बायोप्सीशिवाय कळणार नव्हतं. पोरीच्या कुशीत सुई घालून लिव्हरचा दोऱ्याएवढा तुकडा काढला.

लॅबमधल्या डॉक्टरबाईंना मी विनवलं, "मला दाखवा." त्यांनी मायक्रोस्कोपसमोर बसवलं. गुलाबी पेशींत पित्ताच्या बारीक नळ्यांभोवती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी होती.

"ह्या जांभळ्या, तुमच्या मुलीच्याच पेशी," त्या म्हणाल्या. "आलेलं लिव्हर त्यांना परकं वाटतंय, म्हणून नळ्यांवर तुटून पडल्यात. औषधानं बहुतेक आवरतील. यात कुणाची चूक नसते."

परकं. माझी बहीण. मला तिथं बसवेना.

कपडे न्यायला एक दिवस घरी आलो. बहिणीला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवून आलो होतो. पण बायकोकडून तिला फोनवर कळलं होतं. ती दारातच उभी होती, एक हात पोटावर.

"दादा, माझं लिव्हर खराब व्हतं का?"

"नाय गं. चांगलंच आहे. तिचं शरीरच ते घेत नाय."

"मग अजून थोडं लागत असंल तर घ्या. मला आता काई दुखत नाय."

ताठ उभंही राहता येत नव्हतं तिला. मी पिशवीत कपडे कोंबत राहिलो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी गुण आला. रिपोर्ट हळूहळू सुधारले. पोरगी आता शाळेत जाते, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते, आत्याशी कडाकडा भांडते.

बहिणीचं लग्न झालं नाही. पोटावरच्या व्रणाचं कळलं की स्थळं परत जायची. आता ती माझ्याबरोबर दुकानात बसते. एकदा मी विषय काढला, तर साडीची घडी घालत म्हणाली, "मलाच पसंत नव्हते ते."

खरं असेल. पुन्हा विचारायला मात्र माझं तोंड झालं नाही.