गाठ काढली, ओटी भरली

डॉक्टरीणबाई भागीरथीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते हातभर हिरव्या बांगड्या घालून. सासरी, राजेश्वर गावात, माझं डोहाळजेवण थाटात झालं होतं. दिवस उलटून गेले तरी बाळंतपणाचं चिन्ह नव्हतं आणि अंगावरून सारखं जात होतं, म्हणून सासूबाईंनी बैलगाडीत घालून बिदरला आणलं. पुढे मी बाईंच्याच हाताखाली नर्स झाले. तरी त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना तो दिवस आठवला की अजून घाम फुटतो.

बाईंनी मला तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "हे मूल नव्हे. पिशवीला गाठ आहे. साधी आहे, पण ऑपरेशन करून काढायला हवी. असंच रक्त जात राहिलं तर सून हाती लागायची नाही."

सासूबाई भडकल्या. "कामून असं अभद्र बोलायलाव? साऱ्या गावानं वटी भरलीय हिची! आन् पिशवी काढली तर लेकाचं दुसरं लगीन लावते, सांगून ठेवते!"

खोटा दिलासा बाईंना जमतच नाही. "पिशवी राखायची शिकस्त करीन. पण रक्त थांबलं नाही, तर आधी बाई वाचवीन," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माझ्या मालकांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. क्लोरोफॉर्मचा वास नाकात शिरला तेव्हा मी बाईंना एवढंच म्हणाले, "अक्का, माझा संसार राखा."

शुद्ध आली तेव्हा विचारायची छातीच होईना. बाईच म्हणाल्या, "पिशवी जागेवर आहे गं." नारळाएवढी गाठ त्यांनी सासूबाईंना दाखवली.

घरी निघताना सासूबाई माझ्याकडे बघेनात. बाईंनी तांदूळ-नारळ आणवला. "भरल्या ओटीनं आलीस, रिकामी कशी जाशील?"

"विधवेच्या हातानं?" सासूबाई पुटपुटल्या. होय, बाई बालविधवा. मी पदर पसरला.

पुढे मला मूल झालं नाही. सवत आलीच. संसार राहिला नाही, पण मी राहिले, आणि बाईंनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. माझ्यासारख्या कितीजणींच्या ओट्या त्यांनी भरल्या! त्यांची मात्र कळत्या वयापासून कुणी भरली नाही.

सत्काराला मंडळी शाल आणतील, खुशाल आणोत. मी खण-नारळ घेऊन येतेय. बाई, शंभर वर्षं धडधाकट राहा, आमच्यावर अशाच ओरडत राहा. आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत पदर पसरा.