चांदी मोडून घेतलेली पेन्शन

आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर मी. तीही कॉमर्सची. तळोद्याला एका कार्यालयात लेखा विभागात नोकरी करते. जुनी करप्रणाली घ्यावी की नवी, हे विचारायला साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पण त्याच अभिमानाच्या भरात मी आईची चांदी मोडली.

वडील गेल्यावर आई वर सातपुड्यातल्या घरी एकटीच राहायला लागली. तळोद्याला ये म्हटलं तर येत नव्हती. तिच्या नावावर दर महिन्याला काही जमा व्हावं, असं माझ्या मनाने घेतलं. तिच्याजवळ होतं काय, तर कंबरपट्टा, पायातली कडी आणि गळ्यातल्या जाड साखळ्या. वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडून असायच्या, होळीलाच बाहेर निघायच्या. मी तिला समजावलं, की पडून राहिलेली चांदी कमावत नाही. ती विकून पेन्शन योजनेत एकरकमी पैसे भरले, तर मरेपर्यंत दरमहा रक्कम येईल. मुद्दल मधे काढता येत नाही, ते तिच्यामागे वारसाला मिळतं. वारस म्हणून माझंच नाव लागलं. आईने एकच विचारलं, "तुझ्या लग्नात काय घालशील?" मी म्हटलं, मला चांदी नको, मला पगार आहे.

सोनाराने चांदी तराजूत टाकली तेव्हा ती दुकानाबाहेर ओट्यावर जाऊन बसली. उन्हाचा त्रास होत असेल, असं मी धरून चालले.

पेन्शन वेळेवर सुरू झाली. हिशोबात माझं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या होळीला मी घरी होते. शेजारच्या घरातली मुलगी नाचायला जायचं म्हणून कंबरपट्टा मागायला आली. दरवर्षी कोणी ना कोणी यायचंच. ज्या घरी चांदी कमी, त्या घरच्या मुली आईकडून न्यायच्या आणि होळी झाली की राखेने घासून परत आणायच्या. मी शाळेत होते तेव्हा मला याचा रागच यायचा, आपली वस्तू सगळ्या गावाने का वापरायची म्हणून. आई चुलीपासून उठली नाही. म्हणाली, "तू सांग तिला."

मी सांगायला लागले. पेन्शनला आमच्या बोलीत शब्द नाही. बँक, दरमहा, मरेपर्यंत, असं काहीबाही जोडत गेले. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे बघून विचारलं, "म्हणजे काकी, आता तुमच्याकडे काहीच नाही?"

आईने तिला भाकर खायला बसवलं.

पाऊस लागल्यावर कळायचं ते कळलं. आईच्या शेतात पेरणीला नेहमी चार घरची माणसं न बोलावता यायची. ती शेजारधर्म म्हणून येतात, असं मी समजत होते. त्या वर्षी कोणी आलं नाही. रागावून नव्हे, बोलणंचालणं होतंच. पण त्यांच्या पोरींचं चांदी न्यायला येणं थांबलं, तसं त्यांना यायला कारण उरलं नव्हतं. आईने मजूर लावले, आणि मजुरी दिली पेन्शनमधून.

मी घरी गेले तेव्हा चिडून म्हटलं, आधी सांगायचं नाही का हे?

"तू शिकलेली," आई म्हणाली. "मला वाटलं, तू बघितलं असशील." टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाली, "पैसे मागायला माणूस मान खाली घालून येतो गं. चांदी मागायला पोरी हसत यायच्या."

योजना मोडता येत नव्हती. अटी मीच वाचून सही घेतली होती. त्या वर्षी कर वाचवायला म्हणून जी गुंतवणूक मी करते, ती केली नाही. त्या पैशात एक कंबरपट्टा घेतला. चांदीचा भाव इतका चढलेला, की जुन्याच्या निम्म्याही वजनाचा बसला नाही. होळीच्या आधी आईच्या हातात ठेवला. तिने तो तळहातावर तोलून बघितला. मी म्हटलं, हा तुझा.

"अजून कोणाचाच नाही," ती म्हणाली. "चार पोरी नाचू देत हा घालून. मग बघू."

तिने तो पेटीत ठेवला नाही. फडक्यात बांधून माझ्याकडेच दिला आणि शेजारी देऊन ये म्हणाली. मी म्हटलं, येतील की मागायला.

"आता नाही येणार. आता आपण जायचं."

मी फडकं घेऊन शेजारच्या अंगणात गेले. त्या मुलीची आई अंगण सारवत होती. तिने हात न थांबवता विचारलं, काय काम काढलं? साहेबांना अख्खा करकायदा समजावणारी मी, तिथे मला पहिला शब्द सुचेना. मान आपोआप खाली गेली होती.