मुन्शी घाटावरून परत आणलेला सरडा

खालच्या मजल्यावरची बँकेतली मुलगी बदली होऊन नागपूरला निघाली, तेव्हा तिचा पाळलेला दाढीवाला सरडा मी ठेवून घेतला. चांगला हातभर लांब, पूर्ण वाढलेला. तो काय खातो, त्याच्या उबेचा दिवा कधी लावायचा, हे ती सांगत होती आणि मी त्याची पेटी कोणत्या फळीवर बसेल ते टेपने मोजत होते.

"कळलं गं सगळं. निघ तू, गाडी चुकेल."

कामं मला जमतात. सकाळी पूजेची भांडी, मग सासूबाईंचा चहा, मग सरड्याचा पाला. किडे मात्र सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की. त्या पेटीकडे बघायच्याही नाहीत.

"काशीतल्या या दूधविनायक मोहल्ल्यात इतक्या पिढ्या गेल्या आमच्या, पण सरड्याचं जेवण कोणी वाढलं नव्हतं!"

पौषात कोहरा उतरला, दिवसभर दाट धुकं, आणि एका सकाळी तो गार, चपटा, डोळे मिटून पडलेला. हलवलं, तरी हलला नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की चला, आता किडे आणायला नकोत. लगेच पेटी धुऊन गच्चीत वाळत टाकली. दिवा शेजारणीला गुडघे शेकायला देऊन आले.

"काशीत मेलाय तो, कचऱ्यात टाकायचा नाही. गंगेत सोडायचा," सासूबाईंनी बजावलं.

जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याला मुन्शी घाटावर नेलं. ऊन नुकतंच पायऱ्यांवर आलं होतं. मी नाववाल्याशी बोलत होते. गाठोडं सासूबाईंच्या मांडीवर. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी त्याला हातात घेतलं होतं.

"अगं, हा हलतोय."

"वारा आहे, आई."

"वारा नखं रोवतो होय? बघ इकडे!"

फडक्यातून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

शेजारणीकडून दिवा परत मागून आणला. संध्याकाळी नागपूरहून फोन.

"झोपलाय का हो तो? सांगितलं होतं ना काकू, थंडीत झोपून असतो?"

"हो," मी म्हटलं. "झोपलाय."

आता हिवाळ्यात मी रोज पेटीत हात घालून त्याचं पोट हलताना जाणवेपर्यंत थांबते. बाकीची कामं तोवर अडतात. सासूबाई दुपारी आडव्या होताना मला हाक मारतात.

"मी जरा पडते गं. उठवायच्या आधी माझी खाट धुऊन ठेवू नकोस."

त्या हसतात. मला अजून हसता आलेलं नाही.