वाट्याचा घास

"कुत्र्याले काय खाऊ घालाचं ते मले नोको शिकवू."

हे मी बोललो तेव्हा पोरगी अंगणात उभी होती. एका हातात कुत्र्याची साखळी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. ती सांगायला लागली होती, "बाबा, तो जरा वेगळा हाये, त्याले जवर बसून..." आणि मी मध्येच तोडलं. तिनं तोंड मिटलं. तोंड मिटण्याची तऱ्हा तिनं माझीच उचललेली आहे, एकदा मिटलं की मिटलं. तिनं साखळी घरापुढच्या सपरीच्या खांबाला बांधली, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली.

जावयाचं ऑपरेशन होतं, नागपूरला. किती दिवस लागतील ते डॉक्टरही सांगत नव्हता. त्यांचं क्वार्टर भद्रावतीला, फॅक्टरीच्या कॉलनीत. तिथं शेजारीपाजारी कुत्रं सांभाळायला कोणी तयार झालं नाही म्हणून ती वाट वाकडी करून माझ्याकडे आली. लग्नानंतर तिनं माझ्याकडे काही मागितलं असं ते पहिलंच. लग्न तिनं दुसऱ्या जातीत केलं आणि मी गेलो नाही. तिची माय एकटी एसटीनं गेली, एकटी परत आली, आणि मी तिला काही विचारलंही नाही. पुढं माय वारली तेव्हा पोरगी तेरा दिवस घरात होती. त्या तेरा दिवसांत आम्ही बाप-लेक कामापुरतं बोललो. जावई माझ्या घरात कधी आलेला नव्हता, मी बोलावलाही नव्हता.

मी ढिवर माणूस, पिढीजात मासेमार. तिसरीत शाळा सुटली ती तलावानं सोडवली. बापाबरोबर जाळं ओढायला लागलो तो गुडघे जाईपर्यंत. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, आमच्याकडे नेहमी कुत्रं असायचं, एक मेलं की दुसरं. वाळत टाकलेल्या जाळ्याजवळ, मासोळीच्या टोपल्याजवळ ते बसून राहायचं. इतकी कुत्री पोसलेल्या माणसाला घरातली पोरगी कुत्र्याचं जेवण शिकवते, याचा मला राग आला. खरं तर कशाचाही आला असता.

आता मी तलावावर जात नाही. जाळं पोराला देऊन टाकलं. पोराचं नवं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सून दोन्ही वेळचा डबा पाठवते. मी जुन्या घरात एकटाच राहतो, सपरीत खाटेवर बसून डबा खातो, कारण खाली बसलो तर उठता येत नाही.

पहिल्या दिवशी डब्यातला भात आणि लाखोळीचं वरण जर्मनच्या ताटलीत कालवलं आणि खाटेवरूनच ताटली पुढं सरकवली. कुत्र्यानं वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग ताटलीकडे पाठ करून बसलं. म्हटलं, नवं घर आहे, खाईल उद्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, भूक लागली की दगड खाईल.

तिसऱ्या दिवशी मी अंडं उकडलं. बायको गेल्यापासून चूल पेटवली नव्हती. धुरानं डोळे गेले नुसते. अंडं ताटलीत टाकलं, ते संध्याकाळपर्यंत तिथंच. मुंग्या लागल्या.

चौथ्या दिवशी बाजार होता. कोंबडीच्या दुकानातून पाय आणि पोटे आणले, शिजवले, भातात घातले. तेही तसंच राहिलं. आमच्याकडे असलं काही उघड्यावर टाकता येत नाही. वास गेला की बिबट अंगणात येतो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या दोन शेळ्या अशाच गेल्या. त्यामुळं रोज संध्याकाळच्या आत कुदळ घ्यायची, परसात खड्डा करायचा, आणि कुत्र्यानं न खाल्लेलं पुरायचं. गुडघे नाहीत, कंबर नाही, आणि म्हातारा रोज एक खड्डा खणतो आहे. कुत्रं साखळीला बसून ते पाहायचं.

शेजारची बाई कुंपणाशी आली. तिचं तोंड गावाला माहीत आहे.

"काय भाऊ, काल अंडे, आज कोंबडी. जावई आला का काय घरी?"

मी खड्डा बुजवत राहिलो.

"नाई, जावई असता त एवढं कुठी शिजवलं असतं तुमी," असं म्हणून ती गेली. हसत गेली, पण बोलून गेली.

पाचव्या दिवशी बसनं चंद्रपूरला गेलो. कोणीतरी सांगितलं होतं की कॉलनीतली कुत्री पाकिटातलं खातात. दुकान सापडायलाच दुपार झाली. काचेचं दुकान, आत गार हवा. दुकानदार पोरगा चांगला होता बिचारा.

"बाबा, जात कोनती?"

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"कुत्र्याची जात म्हणतो मी."

"माहीत नाई. पोरीचा हाये."

"बरं, वजन किती हाये त्याचं?"

"पाच दिवसाआंधी जास्त होतं."

तो हसला नाही. त्यानं एक पाकीट दिलं, वर गुबगुबीत कुत्र्याचं चित्र. येताना बसमध्ये जागा नव्हती. गावच्या फाट्यावर उतरून पाकीट खांद्यावर टाकून चालत आलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. त्या गोळ्या ताटलीत ओतल्या. कुत्र्यानं दोन तोंडात घेतल्या, फिरवल्या, आणि हळूच बाहेर ठेवल्या. थुंकल्या नाहीत, ठेवल्या. मला वाटलं होतं पोरीनं त्याला लाडावून ठेवलं असेल. लाडावलेलं जनावर असं अदबीनं ‘नाही’ म्हणत नाही.

रोज संध्याकाळी पोरगी सुनेला फोन करायची. एकच प्रश्न, "जेवला का?" मी सुनेला सांगून ठेवलं होतं, "जेवला म्हण." ती चार दिवस म्हणाली. त्या संध्याकाळी डबा घेऊन स्वतः आली आणि सपरीच्या कडेला बसली.

"मामाजी, आता मले खोटं बोलवत नाई. ताई तिकडे दवाखान्यात बसून हायेत. तुमीच फोन करून विचारा ना, काय खाते तो."

"मी काऊन विचारू? म्या तिले बोलूच देल्लं नाई, आता कोन्या तोंडानं विचारू?"

"तोंड एकच हाये ना तुमाले," सून म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली. गरीब बाई आहे. इतकं ती कधी बोलत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी कुत्रं उठलं नाही. मी हाक मारली तर शेपटी जमिनीवर एकदा हलली, तेवढीच. पाणी पीत होतं, बाकी काही नाही. पोरानं मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरला आणलं. त्यानं डोळे पाहिले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं.

"रोग काहीच नाही याला. पोट रिकामं आहे. घरचं माणूस सोडून आला का?"

"हो."

"मग जिवाला लावून घेतलंय त्यानं. मी सलाईन लावतो, पण ते आजच्यापुरतं. काय खायची सवय आहे ते विचारा त्यांना. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले तर मला बोलावू नका."

बाटली खांबाला टांगून तो गेला. मी खाटेवर बसून थेंब पडताना पाहत होतो. खांबाला बाटली, खाली कुत्रं. तिकडे नागपूरला असंच असेल, खाटेला बाटली, जवळ पोरगी. परत आली आणि मी तिला म्हटलं, तुझा कुत्रा मेला, तर ती काही बोलणार नाही. तोंड मिटेल आणि गाडीत बसेल. त्यानंतर मग मी मरतानाच येईल, नाहीतर तेव्हाही येणार नाही.

फोन मी दुपारी लावला. माझा बटनांचा फोन आहे. तिचा नंबर पोरानं कधीचा घालून ठेवलेला, मी एकदाही दाबला नव्हता.

"हॅलो? बाबा?" तिचा आवाज घाबरला. माझा फोन म्हणजे कोणी मेलं असंच तिला वाटलं असणार. "काय झालं?"

"काई नाई झालं. जावई कसे हायेत?"

ती म्हणाली, "बरे हायेत. टाके हायेत अजून. पेज प्यायले लागले."

"बरं." दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तो खाऊन नाई राह्यला."

"कधीपासून?"

"आला तवापासून."

मला वाटलं आता ऐकवेल. वहिनी रोज जेवला म्हणत होती, ते तुम्हीच सांगितलं असणार, असं म्हणेल. तिनं एवढंच विचारलं,

"काय काय देलं?"

सगळं सांगितलं. अंडं, कोंबडी, पाकीट. खड्डे सांगितले नाहीत.

"बाबा, तुमी जेवता कुठी?"

"खाटेवर. मंग? मी कुठी जेवतो त्याचं काय?"

"खाली बसा. त्याच्याजवर. तुमच्याच ताटातला पह्यला घास काढा अन् हातावर द्या त्याले. मंग तुमी खा. भांड्यात टाकलेलं तो खात नाई. काईही टाका, नाई खात."

"हे कोनं लावलं त्याले? असं कुठी असते का?"

"म्या लावलं," ती म्हणाली. "तुमी पाळीवर द्याचे ना. तसंच."

मी फोन ठेवला की तिनं ठेवला ते आठवत नाही.

पाळीवर मासोळी निघाली की वाटे पडायचे. जाळं ओढणाऱ्यांचा वाटा, ज्याचं जाळं त्याचा वाटा, आणि जाळं राखणाऱ्या कुत्र्याचा वाटा. बापाच्या वेळेपासून तसं होतं. कुत्र्याच्या वाट्याची मासोळी तिथंच निखाऱ्यावर भाजायची, काटे काढायचे, भातात कुस्करायची, आणि खाली बसून तळहातावर पुढं धरायची. त्यानं खाल्लं की मग आपण. एकदा मी लहान असताना तो घास लांबून फेकला होता, तर बापानं पाठीत धपाटा घातला होता. म्हणाला होता, वाटा फेकत नाहीत, वाटेकऱ्याच्या हातावर देतात. त्याला हात नाहीत, म्हणून आपल्या हातावर. मी पुढं तसंच करत आलो. पोरगी लहानपणी डबा घेऊन पाळीवर यायची, माझ्याशेजारी बसून पाहायची. मला वाटायचं तिचं लक्ष पाण्याकडे आहे.

जाळं सुटलं तसं मी हे सगळं विसरलो. सहा दिवस त्या जनावरापुढं मी ताटल्या सरकवत होतो, खाटेवरून.

संध्याकाळच्या आत पोराला सांगून मूठभर मासोळी आणवली. चूल पेटवली, भाजली. बोटं पोळली, काटे काढताना डोळ्यांना दिसेना. डब्यातला भात ताटात घेतला, खांबाला धरून खाली बसलो. बसताना गुडघ्यातून असा आवाज आला की कुत्र्यानंही मान उचलली. घास केला, हात पुढं केला.

त्यानं बराच वेळ वास घेतला. माझ्या हाताचा, मनगटाचा. मग जीभ लावली. शितं एकेक करून उचलली, जसा म्हातारा दात नसताना खातो तसा. तळहात चाटून कोरडा केला आणि माझ्या ताटाकडे न पाहता मान खाली ठेवून थांबला. आता माझी पाळी आहे हे त्याला माहीत होतं. मी खाल्लं.

खाल्ल्यावर उठता येईना. अंधार पडायला लागला, तसा मी बसलोच. शेवटी शेजारच्या बाईला हाक मारावी लागली. ती आली, बगलेत हात घालून मला उभं केलं, ताट पाहिलं, कुत्रं पाहिलं, आणि त्या दिवशी मात्र काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी जाळ्याचा जुना दोर शोधला आणि सपरीच्या आढ्याला बांधला, हातात येईल असा. दोर धरून बसायचं, दोर धरून उठायचं. दोन्ही वेळा. खांदे भरून यायचे.

पोरगी तीन आठवड्यांनी आली. जावई बरोबर होता, पोटावर हात धरून सावकाश चालत. मी म्हटलं, "या, बसा." टाक्यांमुळं त्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून माझी खाट त्याला दिली. सुनेनं सगळ्यांचं जेवण आणलं. तो वर जेवला, आम्ही बाप-लेक खाली, मध्ये कुत्रं. पहिला घास मी दिला. तिनं हात पुढं केला होता, तो मागं घेतला. जावई वरून म्हणाला, "आमच्याकडं मला हा मान नाही. माझ्या हातचं तो खातच नाही." मी म्हटलं, "खाली बसता येईल तवा पाहू." तो हसला, आणि टाके दुखले म्हणून लगेच गप्प झाला.

जेवण झाल्यावर मी दोर धरला आणि उठलो. पोरगी पाहत होती.

"बाबा, हा दोर कशाले बांधला?"

"जाळं वाळवाले."

तिनं वर आढ्याकडे पाहिलं, मग घरभर. घरात जाळं नाही हे तिला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि माझं ताट उचलून घेऊन गेली.