आजोबांच्या दंडावरच्या तीन फिती

माझे आजोबा हवालदार होते, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगायची गरजच नव्हती. गावी, निमोण्याच्या घरी भिंतीवर त्यांचा एकुलता एक फोटो होता. अंगात नौदलाचा पांढरा गणवेश, डोक्यावर गोल टोपी आणि डाव्या दंडावर तीन फिती. आमच्या भागात प्रत्येक भावकीत एक तरी फौजी असतोच, त्यामुळे फिती वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. विषय संपला. उजव्या दंडावर तीन पात्यांचं चिन्ह होतं, त्यावरून ते बोटीवर पंखे दुरुस्त करत असणार, असंही आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

आजोबा स्वतः या विषयावर बोलायचे नाहीत. बारा-तेरा वर्षं समुद्रावर काढून गावी परतले, कांदा-बाजरी करत राहिले आणि मी चौथीत असताना गेले.

यंदा गावातल्या मंडळींनी माजी सैनिकांचा फलक करायचं ठरवलं. नाव आणि पुढं हुद्दा. मी दौंडच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून घराण्याची वंशावळ काढायचं खूळ डोक्यात घेतलंय, म्हणून आजोबांची माहिती द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांच्या लेकरांपैकी आता एकटी आत्या उरली आहे, तळेगाव ढमढेऱ्याला दिलेली. तिचा फोनवर एकच हेका. "हवालदार लिही. आन् मोठ्या अक्षरात लिही."

मी लिहूनही टाकलं असतं. पण पोरांच्या वह्या तपासून तपासून मला एक खोड लागली आहे, खात्री केल्याशिवाय खाली सही करवत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. फोटो मोबाइलमध्ये घेऊन त्यांच्याकडं गेले.

"नेव्हीत हवालदार नसतो, ताई," काका म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "पहिली बढती मिळून लीडिंग झाला की दंडावर एक नांगर येतो, जहाजाचा. त्याच्या वरचा पेटी ऑफिसर झाला की दोन, एकमेकांवर आडवे. तुमच्या आजोबांना एकबी न्हाई. हे पंख्यासारखं हाय ते जहाज पुढं ढकलणारं पातं. म्हंजी मानूस इंजिनखान्यातला, स्टोकर. आपल्या दौंडात वाफेच्या इंजिनावर फायरमन असायचे ना, तसलं काम."

"आणि हुद्दा?"

"हुद्दा कसला? साधा खलाशी."

मी एवढंच ऐकलं आणि उठले. काका पुढं फितींबद्दल काहीतरी सांगत होते, पण मला राग आला होता. कुणाचा, ते विचारू नका. ज्या हवालदाराच्या नावानं मी वर्गात वर्षानुवर्षं फुशारक्या मारल्या, तो हवालदार नव्हताच. घरी आले, तशीच आत्याला फोन लावला आणि सांगून मोकळी झाले. ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आमची आत्या नुसत्या "बरं"वर थांबणारी बाई नाही, भाजीवाल्यापुढंसुद्धा नाही. दोन दिवस मला चैन पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

आत्या ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मला चहा दिला, ऊस कसा आहे ते सांगितलं, आणि मग खाली बघतच बोलली.

"तुला म्हाईत न्हाई. माझं लगीन झालं तवा सासूबाई समद्यांदेखत म्हनल्या व्हत्या, पेन्शन न्हाई म्हंजी हिच्या बापाला बोटीवरनं हाकलला असंल. चोरी न्हाईतर दारू. दादांना, म्हंजी बापालाच, इचारायचं धाडस मला कवाच झालं न्हाई. ते व्हय म्हनले असते तर मी काय केलं असतं? पर तीन फिती व्हत्या. त्यांच्या जिवावर ह्या घरात मान वर करून ऱ्हायले. आता त्याबी गेल्या."

मला माझीच लाज वाटली. हुशारी दाखवायला गेले आणि म्हाताऱ्या बाईचा आधारच काढून घेतला. तिथंच बसून काकांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि परवा अर्धवट सोडलेलं पहिल्यापासून विचारलं.

"अहो, तेच तर सांगत व्हतो, तुम्ही उठून गेला," काका म्हणाले. "त्या फिती हुद्द्याच्या न्हाईत. चांगल्या वर्तणुकीच्या हाईत. ठरलेली वर्षं नीट काढली की एक मिळती. तीन म्हंजी बारा वर्षं तरी नाव खराब न्हाई. काही लफडं केलं की आधी फीत उतरवत्यात."

"मग पेन्शन का नाही?"

"त्याला पंधरा वर्षं भरावी लागत्यात. करार संपला, घरी आले असतील. लई जन तसेच येत्यात."

आत्याचं लसूण सोलणं थांबलं होतं. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसते कुठली? फोटो मधल्या काळातला असेल आणि भानगड नंतर झाली असेल तर, असं मी विचारलं. ते फोटोवरून कसं सांगणार, काका म्हणाले.

"मी सांगते," आत्या एकदम म्हणाली. "नोकरी सोडून यायला निघाले त्याच्या आदल्या दिशी काढलाय. दादांनी सोता सांगितलं व्हतं. त्याच दिशी मुंबईत माझ्यासाठी छत्री घेतली, लाल. फोटो आन् छत्री एकाच ट्रंकेतनं निघाली. सात वर्षांची व्हते मी, मला समदं ध्यानात हाय."

फोनमधून काकांचं हसू ऐकू आलं. "मग झालं की! शेवटपातूर तिन्ही जागेवर. मी सोता एक घालवली व्हती, ताई."

आत्या उठली. समोरच्या घरात तिची थोरली जाऊ राहते. लग्नातलं ते बोलणं ऐकलेलं माणूस आता तेवढंच शिल्लक आहे. आत्यानं माझ्या हातातला मोबाइल जवळजवळ हिसकावून घेतला, त्यावर दादांचा फोटो उघडायला लावला आणि चप्पल न घालताच अंगण ओलांडून गेली. मी मागोमाग पळाले.

"ही बघा माझ्या बापाच्या चांगल्या वागनुकीची निशानी," तिनं मोबाइल जावेच्या नाकासमोर धरला. "तीन फिती, शेवटच्या दिसापातूर. सासूबाई बोलल्या ते खोटं व्हतं."

जाऊबाईंनी चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"व्हय गं बाई, खोटंच म्हनायचं," त्या म्हणाल्या. "आन् मंग हवालदार?"

"न्हवते!" आत्या म्हणाली. आळीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "कवाच न्हवते. साधे खलाशी व्हते माझे दादा!"