यंदाची आखाजी इथंच

सटाण्याच्या स्टँडवर मला निरोप द्यायला इतकी माणसं जमली होती, की कंडक्टरनं विचारलं, "एवढी सगळी बसणार असतील तर दुसरी गाडी लावायला सांगू का?" बसणार होतो दोघंच, मी आणि आमचे हे. नुकतं लग्न झालेलं, यांची नाशिकला अंबडच्या कारखान्यात नोकरी आणि सिडकोत एका खोलीचं घर. नाशिक म्हणजे काही लंडन नव्हे; दुपारी निघालं तर दिवेलागणीला माणूस पोचतो. पण मी रडले अशी, की जणू बोटीनं निघाले होते. माय खिडकीशी आली. तिनं स्वतःचे डोळे पुसले नाहीत, माझा पदर नीट केला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "कोनी इचारं कशी शे, ते पयले बेस ते सांगानं. मंग रडानं."

आधी चांगलं काय ते सांगायचं, रडायचं नंतर. आमच्या घरचा तो कायदाच होता. गारपिटीनं शेत झोडपलं तरी आबा दारात आलेल्याला आधी म्हशीची खुशाली सांगत. मी मात्र देवळ्यापर्यंत कायदा मोडून रडत राहिले. देवळ्याला गाडीत गरम भजी आली, तेव्हा कुठे तोंड दुसऱ्या कामाला लागलं.

सिडकोत मात्र मी हा कायदा इतका पाळला, की शेजारच्या काकू वैतागल्या. नळाला पाणी करंगळीएवढं. काकू बोटं मोडायच्या आणि मी म्हणायचे, "पण घरात येतं ना काकू! आमच्याकडे विहिरीवर जावं लागायचं." काकू म्हणायच्या, "अगं, तुझ्या नळाला तेवढंच आणि माझ्या नळाला तेवढंच. मग तुझ्याच पाण्याचं काय एवढं कौतुक?" खोलीत दोघांना एकदम कूस बदलता यायची नाही, पण मागच्या गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा, आणि घरमालकानं त्याचं वेगळं भाडं कधी लावलं नाही. गावाकडे वाटायचं, पोरगी भोळी आहे, कशातही खूश होते. भोळी कसली! हट्ट होता तो. माझं रडणं बघून कुणी "आम्ही म्हटलंच होतं" असं म्हणू नये, एवढ्यासाठी मी चांगलं हुडकून काढायचे. हुडकता हुडकता सवय लागली, त्याला माझा इलाज नाही.

मुलगी शाळेत जायला लागली आणि यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. नवं शतक सुरू झालं म्हणून लोक फटाके वाजवून बसले होते; आमच्याकडे हे लुंगीवर बसून होते. दाढी वाढलेली, हातात कालचाच पेपर. मी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवत होते. चांगलं सांगायचं तर हे पोरीच्या वेण्या घालायला शिकले. एक वेणी पंचवटीकडे तोंड करून, एक त्र्यंबककडे. पोरगी तशीच शाळेत जायची, बापाच्या हातच्या म्हणून मिरवायची.

अशात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बागलाणात लेकी या सणाला माहेरी जातात, झोके खेळतात, आणि भाऊ मुराळी होऊन त्यांना न्यायला येतो. दादा दर वर्षी एसटीनं यायचा. या खेपेला जीप घेऊन आला. जीप बघूनच मला समजलं. लेक न्यायला एसटी पुरते, जीप लागते संसार न्यायला.

दादा चहा घेता घेता म्हणाला, "आबानी मांगली खोली सारवी ठेयेल शे. पोरनं नाव बी तठलीच शाळामा घालूत. आखाजीले चाल, नि मंग तठेच राह्य."

"आणि हे?"

उत्तर यांनीच दिलं, तेही पेपरातून मान वर न काढता. "जा तू. पोरीचं तरी नीट होईल. मी बघतो इथं काय ते."

काय बघणार होते? भांडीकुंडी एकदा जीपमध्ये चढली की परत उतरत नाहीत. यांची दाढी वाढत राहिली असती आणि पोरीला बाप सणासुदीला भेटला असता.

"यंदाची आखाजी इथंच," मी म्हटलं.

"लेकनी आखाजी सासरे? कधी आयकं शे का?"

"आज आयक."

आखाजी म्हटली की खापरावरचे मांडे आलेच. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर उपडं ठेवायचं आणि हातावर कोपरापर्यंत फिरवून मोठी केलेली पुरणपोळी त्यावर टाकायची. लग्नात दिलेलं खापर माळ्यावरच पडून होतं. ते काढलं, पुरण शिजवलं आणि तावातावात खापर ठेवलं थेट गॅसवर. खापराला चुलीचा पसरलेला जाळ लागतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी गॅस मोठा केला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि खापराचे दोन तुकडे.

दादाला तेवढंच हवं होतं. "दखं का? खापरले बी आठे करमत नही!"

आवाज ऐकून काकू दारात येऊन उभ्या. यांनी पेपर खाली ठेवलेला. पण कायदा म्हणजे कायदा. "खापर फुटनं," मी म्हटलं, "पन पुरन शाबूत शे."

मोठा तुकडा उचलून मी गच्चीवर गेले. विटा मांडल्या. सरपण म्हणून काकूंनी आपला मोडका पाट दिला, वर म्हणाल्या, "आता याचंही कौतुक करू नकोस." जाळ धरेना, तेव्हा जिन्यातून हे आले आणि फुंकर घालायला बसले. धुरानं दोघांचेही डोळे वाहत होते. कोणाचे कशामुळे, ते विचारू नका. मांडे तळहाताएवढे झाले. दादा म्हणाला, "हाऊ मांडा शे का बत्तासा?" आणि बत्तासे मोजायचे नसतात म्हणून खात सुटला. यांनी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला दोर बांधून पोरीला झोका करून दिला. दोराची गाठ दादानंच ओढून तपासली.

जीप रिकामी परत गेली. निघताना दादा यांना म्हणाला, "दाजी, हाई काही येवाव नही." हे म्हणाले, "येणार नाही, मलाही तसंच दिसतंय. उद्यापासून गॅरेजमध्ये चौकशी करतो." काम लगेच मिळालं नाही, मिळालं ते आधीपेक्षा हलकं. पण संध्याकाळी तिघंही एकाच घरात जेवत होतो.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता आम्ही गाव विसरलो. आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुम्ही आपले उसासे टाकत बसता, की इथं काही आपलं नाही. माझं दोघांशीही भांडण आहे.

पुढे दादाची थोरली नाशिकरोडला दिली. तिची पहिली आखाजी आली, तेव्हा दादाच्या घराचं छप्पर उतरवलेलं, स्लॅब पडायचा होता. त्याचा फोन आला. "औंदा पोरले तुनाकडे धाडू का?" एवढंच. आमचे हे डोक्यावर टोपी घालून स्कूटरवरून मुराळी म्हणून गेले. पोरगी आली ती चपला दोन दिशांना भिरकावत. न विचारता डबा उघडून मूठभर शेव खाल्ली आणि पंख्याखाली फरशीवर पसरली ती दुपारभर उठलीच नाही.

काकूंनी डोकावून विचारलं, "पाहुणी कोण गं?"

"पाहुणी कसली?" मी म्हटलं. "माहेरी आलीय ती."