कडा सांभाळणारे आमचे साडू

परभणी जिल्ह्यात ज्याला म्हणून रस्ता म्हणता येईल, अशा प्रत्येक रस्त्यावर आमचे साडू एकदा तरी गुडघे टेकून बसलेले आहेत. कॅमेरा डोळ्याला, दुसरा डोळा मिटलेला, जीभ किंचित बाहेर. पूर्ण्याला रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माणसं शेतीकडे बघतात, भजनी मंडळात जातात, किंवा नुसतीच घरात बायकोच्या पायात पायात करतात. यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून रस्त्यावरचे फोटो काढायला शिकले. शिकले म्हणजे काय, तर फोटोत काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही ते शिकले. "फोटू काढणं सोपं हाय हो साडूभाऊ," ते मला म्हणतात, "कापणं अवघड! कडा बघा, कडा. मधात काय हाय ते कुणालाबी दिसतंय."

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडावेत आणि महत्त्वाची वस्तू मधोमध न ठेवता त्या रेषेवर ठेवावी, हा नियम कुठेतरी त्यांच्या कानावर पडला आणि घराची दशा झाली. त्यांच्या बैठकीतलं घड्याळ भिंतीच्या एका कडेला गेलं आहे, त्यामुळे किती वाजले ते फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाला कळतं. जेवायला बसले की भाकरी ताटाच्या मधून उचलून उजवीकडे, ठेचा वरच्या कोपऱ्यात, मग मान मागे घेऊन बघणार आणि म्हणणार, "हां, आता बसलं." तोवर वरण गार. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून यांनी मुलीच्या बापाला त्यात धरलं. "पाव्हणं, जरा डावीकडं सरका. मागचा खांब तुमच्या डोक्यातून निघायलाय." पाव्हणे सरकले. एवढंच नव्हे, चहा होईपर्यंत ते हलले नाहीत. लग्न जमलं, आणि ते आपल्यामुळेच जमलं असं साडूंचं अजूनही ठाम मत आहे.

चिकाटी मात्र मानावी लागेल. मानवतला कापसाच्या दोन गाड्यांमधली रिकामी जागा धरून ते एकदा दीड तास उन्हात बसले होते. मी शेजारी, डोक्यावर रुमाल टाकून. एका गाडीवानाने काळजीने विचारलं, "काका, काही हरवलं का?" साडू नजर न काढता म्हणाले, "न्हाई, एक माणूस यायचाय." कोण, कुठला, काही ठरलेलं नाही, त्या जागेतून लाल पटका बांधलेला कुणीतरी जावा एवढीच अपेक्षा. शेवटी तसा एक म्हातारा खरंच गेला. फोटो निघाला. आणि घरी येऊन यांनी तोच म्हातारा कापून टाकला! उरली नुसती सावली आणि कापूस. "माणूस लय बोलायला लागला होता फोटूत," असं कारण मिळालं. कापून झालं की मूळ फोटोही ते लगेच पुसून टाकतात. ठेवला की मन पुन्हा पुन्हा तिकडेच जातं म्हणे.

पण त्यांच्या हातून सगळ्यांत जास्त कापल्या गेल्या त्या आमच्या सासूबाई. आमची सासुरवाडी चुडाव्याची. तिथे गेलं की साडू कॅमेरा घेऊन गल्लीत उतरणार, आणि बांगडीवाला असो की बकऱ्या असोत, सासूबाई डोक्यावर पदर घेऊन चौकटीत येऊन ताठ उभ्या राहणार. जावई फोटो काढतोय आणि आपण त्यात नाही, हे त्यांना जावयाचा अपमान केल्यासारखं वाटे. "पाय आले का जावईबापू? बिनपायाचा फोटू काढू नगा बरं." साडू जावई माणूस, तोंडावर काय बोलणार? "लय भारी आला, मामी," म्हणायचे आणि घरी जाऊन मामीला कडेने छाटायचे. सासूबाई मात्र गल्लीभर सांगत फिरायच्या, "थोरल्या जावयापाशी माझे पन्नास फोटू हायती."

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, तर घरात एकही धड नाही. आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा केला तर नुसते ठिपके. मेहुणा निश्चिंतपणे म्हणाला, "मोठे दाजी हायती की. पन्नास फोटू हायती त्यांच्यापाशी." सगळे साडूंकडे बघायला लागले. साडू जमिनीकडे.

हाताशी तीन दिवस होते. पूर्ण्याला त्यांच्या घरी आम्ही दोघे सकाळपासून फोटो चाळत बसलो. एका बकरीमागे पदराचा काठ सापडला. बांगडीवाल्याच्या शेजारी अर्धं कोपर. फलाटावरच्या एका फोटोत नुसते पाय. साडूंनी चष्मा काढला. "त्या दर बारीला आपल्या पायानं यायच्या हो चौकटीत," ते म्हणाले, "अन् मी दर बारीला भाईर काढलं त्यांना." एरवी मी त्यांची थट्टा सोडत नाही. त्या दिवशी मी पुढचा फोटो उघडला.

मग मला आठवलं. कधीतरी न कापलेला एक फोटो त्यांनी चुकून मला पाठवला होता आणि मागोमाग निरोप, 'तो पुसून टाका, लय वाईट आहे.' माझ्या आळशीपणाचा आयुष्यात तेवढाच एकदा उपयोग झाला. तो माझ्या मोबाइलमध्ये तसाच होता. चुडाव्याच्या फलाटावर सासूबाई हसतायत, आणि त्यांना अगदी खेटून आमचे सासरे. मेहुण्याने तो पाहिला आणि म्हणाला, "आई झकास आलीय. पर हाराच्या फोटूत जिता माणूस चालत न्हाई, दाजी. बापाला कापा."

कापायचं म्हटल्यावर साडूंइतका तयार हात जिल्ह्यात नाही. पण चुडाव्याच्या ओसरीवर बसून ते मोबाइलवर कापायची रेघ इकडे नेत होते, तिकडे नेत होते. सासऱ्यांचा खांदा सासूबाईंच्या पुढे आलेला. तो काढावा तर त्यांचाही दंड जात होता. ज्याने आजवर कुणाला विचारून काही कापलं नाही, तो माणूस सासऱ्यांना म्हणाला, "मामा, कुठं कापू?"

सासरे काठी टेकत आले. फोटोवर वाकले. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हितं. एवढा खांदा राहू द्या माझा. ती टेकून उभी हाय."

साडूंनी तिथेच कापलं. तेराव्याला फोटो लागला. सासूबाई हसतायत आणि डाव्या कडेला पांढऱ्या सदऱ्याचा एक तुकडा. हार साडूंनी घातला. खांद्यावर फूल येऊ नये म्हणून तो त्यांनी उजवीकडे ओढून बसवला, चांगला तिरका, आणि तसाच राहू दिला.